गच्चीवरची मातीविना बाग गोव्यात काय पिकवते आणि घर किती थंड करते

एप्रिल-मेमध्ये म्हापसा, मडगाव किंवा वास्कोतल्या एखाद्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना दुपारपेक्षा रात्री नऊ वाजता जास्त उकडते. बाहेर समुद्राकडचा वारा सुटलेला असतो, पण घरात पंखा लावला की वरून गरम हवाच अंगावर येते. हे काम स्लॅबचे. गोव्यात हवेचे तापमान ३३-३४ अंशांच्या फारसे वर जात नाही, मात्र उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग दुपारी ५५ अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता जाड काँक्रीटमधून खाली उतरायला चार-पाच तास घेते. म्हणून सूर्य मावळल्यावर छत तापायला लागते.

या स्लॅबवर भाजी पिकवली तर दोन कामे एकदम होतील, हा विचार आता बऱ्याच जणांच्या मनात आहे. माती नको, वजन कमी, पाणी कमी, ताजी भाजी आणि खाली थंड घर. त्यात तथ्य आहे. पण गोव्याच्या हवेत ही बाग जशी चालते तशी ती जाहिरातीतल्या फोटोंमध्ये दिसत नाही. माझे मत आधीच सांगतो. आपल्याकडे घर थंड करण्याचे बरेचसे श्रेय पानांपेक्षा सावलीला जाते, आणि भाजी येईल की मरेल हे मुळाशी असलेल्या पाण्याच्या तापमानावर ठरते. या दोन गोष्टी नीट समजल्या की बाकीचे निर्णय सोपे होतात.

झाडाला मातीतून मिळते ते पाणी, त्यात विरघळलेले क्षार, मुळांसाठी हवा आणि उभे राहायला आधार. हे चारही माती न वापरता देता आले तर झाडाची काही तक्रार नसते. जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी १८६० च्या दशकातच नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून दाखवली होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम गेरिके यांनी १९३० च्या दशकात याच पद्धतीने टोमॅटोचे भलेमोठे वेल वाढवले आणि हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केले. भारतात ही गोष्ट नवी नाही. १९४० च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँगमध्ये खडी-वाळू भरलेल्या साध्या वाफ्यांवर प्रयोग करून कमी खर्चाची 'बंगाल पद्धत' उभी केली. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नव्हती, हे आज कंपन्यांचे कोटेशन हातात घेताना लक्षात ठेवावे.

आज गच्चीवर प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिल्यात उतरत्या पाइपांमधून पाण्याचा पातळ थर सतत वाहत राहतो आणि मुळे त्यात अर्धी बुडालेली असतात. दुसऱ्यात झाडे तरंगत्या फळीवर असतात आणि मुळे खोल पाण्यात लोंबतात. पाण्यात हवा सोडायला छोटा पंप लागतो. तिसऱ्यात बादल्या किंवा पिशव्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, भरून त्यावर ठिबकने खताचे पाणी देतात. फोटोत पहिला प्रकार सगळ्यांत देखणा दिसतो. गोव्यासाठी मी तिसरा निवडेन. त्याची कारणे पुढे येतीलच.

आधी घर थंड होण्याचा हिशेब पाहू.

उघड्या स्लॅबच्या खाली बारा चौरस मीटरची खोली आहे असे धरा. वरचा पृष्ठभाग ५५ अंश, खोलीतली हवा ३० अंश. साध्या काँक्रीटच्या स्लॅबमधून अशा फरकाला प्रत्येक चौरस मीटरमागे ८० वॅटच्या आसपास उष्णता आत येते. म्हणजे त्या खोलीच्या डोक्यावर साधारण एक किलोवॅटचा हीटर लावल्यासारखे झाले. त्याच स्लॅबवर ऊन पोहोचलेच नाही आणि पृष्ठभाग हवेइतकाच, ३४ अंशांवर राहिला, तर हाच हीटर दीडशे वॅटवर येतो. हे ढोबळ गणित आहे. काँक्रीटच्या जाडीमुळे प्रत्यक्षातला शिखरबिंदू थोडा बोथट होतो, पण दिशा आणि प्रमाण हेच. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची 'इको-निवास संहिता' २०१८ पासून निवासी इमारतीच्या छपरातून आत-बाहेरच्या दर अंश फरकाला चौरस मीटरमागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये असे सांगते. आपल्या साध्या स्लॅबमधून तीन वॅटपेक्षा जास्त जाते.

या गणितात झाड अजून आलेलेच नाही, हे पाहा. जे काही घडले ते सावलीने घडले. ती सावली शेडनेटची असो, वेलीच्या मांडवाची असो की पाइपांच्या रांगांची. मात्र सावली आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळता हवा. पाइपांचे स्टँड दोन-तीन फूट उंच ठेवले तर तापलेली हवा वाहून जाते. ट्रे थेट स्लॅबवर टेकवले तर हा फायदा निम्मा होतो आणि ओल अडकून गळतीलाही निमंत्रण मिळते.

आता पानांचे काम. झाड मुळांनी ओढलेल्या पाण्यातला बहुतेक भाग पानांच्या छिद्रांतून वाफेच्या रूपात सोडते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते आणि ती आसपासच्या हवेतून, उन्हातून घेतली जाते. पन्नास चौरस मीटर दाट हिरवळीने दिवसाला दीडशे लिटर पाणी उडवले तर शंभर युनिट उष्णता त्यात खर्ची पडते. एक टनाचा एसी तासाला साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा ही सुमारे अठ्ठावीस तासांच्या एसीची बरोबरी झाली. विक्रेते नेमका हाच आकडा पुढे करतात. पण ती उष्णता गच्चीवरच्या मोकळ्या हवेतली असते. तुमच्या खोलीतली उष्णता शंभर युनिटने कमी होत नाही. खोलीला फायदा होतो तो इतकाच, की पाने उन्हात राहूनही फारशी तापत नाहीत आणि खालच्या स्लॅबवर उष्णता फेकत नाहीत. पत्रा सावली देतो, पण स्वतः तापून खाली उष्णता टाकतो. पानांचा मांडव तसे करत नाही. पत्र्यापेक्षा मांडवाखाली बरे वाटते ते यामुळे.

यात दमटपणा आडवा येतो. मातीच्या माठातले पाणी पुण्यात जितके गार होते तितके पणजीत होत नाही. हवा आधीच वाफेने भरलेली असल्यामुळे माठातून पाणी झिरपते पण उडत नाही. पानांचेही तेच होते. त्यामुळे कोरड्या प्रदेशातल्या गच्चीच्या बागांबद्दल सांगितलेले थंडाव्याचे आकडे गोव्याला जसेच्या तसे लावू नयेत.

थंड देशांतल्या उदाहरणांबाबतही सावध राहावे. माँट्रियलमध्ये लुफा फार्म्सने २०११ मध्ये इमारतीच्या गच्चीवर व्यावसायिक काचगृह सुरू केले, तेव्हापासून जगभर त्याचे कौतुक होते. तिथे बंद काचगृह इमारतीची वर जाणारी ऊब वापरते आणि छपरावर गोधडीसारखे पसरून तिला थंडीपासून वाचवते. आपल्याला उलटे हवे आहे. बंद पॉलिहाऊस गोव्याच्या स्लॅबवर उभारले तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते, झाडे कोमेजतात आणि स्लॅबही गरम राहतो. आपल्यासाठी चारही बाजूंनी उघडा, फक्त डोक्यावर झाकलेला मांडव योग्य. सिंगापूरचे हवामान आपल्याला जवळचे. तिथल्या सरकारने २०२० मध्ये बहुमजली पार्किंगच्या गच्च्या शेतीसाठी निविदेने दिल्या. शिकायचे असेल तर तिकडे पाहावे.

फक्त थंडावाच हवा असेल तर पांढरा परावर्तक रंग सर्वांत स्वस्त. तो नवा असताना बहुतेक ऊन परतवतो. पण आपल्या पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरते, रंग काळवंडतो आणि दर वर्षी घासून पुन्हा लावावा लागतो. बाग हवी असेल तर ती भाजीसाठी करा. थंडावा तिच्या मागोमाग येतो.

भाजीचा प्रश्न आला की पाण्याच्या तापमानाकडे यावेच लागते. मुळेही श्वास घेतात आणि त्यासाठी त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. दुसरीकडे, तापमान दहा अंशांनी वाढले की मुळांची गरज जवळपास दुप्पट होते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. गुदमरलेली मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात आणि पिथियम नावाची मूळकूज त्यांच्यावर तुटून पडते. मे महिन्यात उन्हातल्या काळ्या टाकीचे पाणी हाताला कोमट लागते. लेट्यूसची मुळे अशा पाण्यात तग धरत नाहीत, आणि धरलीच तर झाड फुलावर येऊन पाने कडू होतात.

म्हणून टाकी जिन्याच्या खोलीच्या सावलीत ठेवावी, तिच्यावर पांढरे आवरण असावे आणि पाइपही पांढरेच घ्यावेत. पंप बंद पडण्याची भीती तर वेगळीच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि खांब पडून अनेक भाग दीर्घकाळ अंधारात होते. पाण्याचा पातळ थर वाहणाऱ्या पाइपमध्ये कडक उन्हात वीज गेली, तर काही तासांत सगळी रांग माना टाकते. कोकोपीट पाणी धरून ठेवते, त्यामुळे त्यात दिवसभराची सवड मिळते. आपल्याकडे पहिल्या पावसाच्या वाऱ्यात वीज जातेच, तेव्हा ही सवड मला देखण्या पाइपांपेक्षा मोलाची वाटते. पंपच नको असेल तर हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत आहे. झाकलेल्या डब्यात एकदाच खताचे पाणी भरायचे. झाड पाणी पीत जाते तसतशी पातळी उतरते आणि वरची मुळे हवेत मोकळी होतात. पालेभाजीसाठी, तीही हिवाळ्यात, हा उत्तम सराव.

खताबद्दल थोडे. बाजारात ए आणि बी अशा दोन बाटल्या मिळतात, त्या वेगळ्या असण्याला कारण आहे. एकीत कॅल्शियम नायट्रेट असते, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट स्वरूपात एकत्र आले की साका खाली बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. आधी टाकीत पाणी, मग ए घालून ढवळणे, त्यानंतर बी. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा राखावा. तो वर गेला की लोह झाडाला मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी आहे. क्षारांचे प्रमाण ईसी मीटरवर, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते हे मोजणाऱ्या उपकरणावर, कळते. पालेभाज्यांना साधारण सव्वा ते पावणेदोन, टोमॅटोला दोनच्या वर.

दमट हवेचा एक त्रास इथेही दिसतो. कॅल्शियम झाडात फक्त वर चढणाऱ्या पाण्याबरोबर जाते. पानांतून पाणीच उडाले नाही तर कॅल्शियमही वर पोहोचत नाही, आणि टाकीत भरपूर असूनही लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. अशा वेळी लोक आणखी खत घालतात. तिथे एक छोटा पंखा किंवा झाडांमधले मोकळे अंतर जास्त कामाचे.

पाणी कोणते वापरायचे? गोव्याच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मऊ असते, ते चालते. पण किनाऱ्यालगतच्या आणि नदीमुखाजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. मीठ झाड फारसे घेत नाही. तेच पाणी फिरत राहिले की मीठ साठत जाते. ईसी मीटर मीठ आणि खत यांत फरक करत नाही, म्हणून आकडा बरोबर दिसत असतानाही झाड उपाशी असू शकते. सर्वांत चांगले पाणी आकाशातून पडते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर तीन लाख लिटर. त्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे खताचे माप अचूक बसते. हे सगळे साठवणे शक्य नाही, पण पाच हजार लिटरची एक झाकलेली टाकी तळमजल्यावर असली तरी वीस-पंचवीस चौरस मीटरच्या बागेला सप्टेंबरनंतर बरेच दिवस आधार होतो.

मातीविना शेतीला पाणी कमी लागते हे खरे आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनासाठी २०१५ मध्ये झालेल्या एका तुलनेत किलोभर लेट्यूसला शेतात अडीचशे लिटर आणि हायड्रोपोनिक्समध्ये वीस लिटर पाणी धरले होते. उत्पादनही दहापटीहून जास्त. पण त्याच तुलनेत ऊर्जा ब्याऐंशीपट लागली, कारण काचगृह तापवायचे आणि थंड ठेवायचे होते. हा दुसरा आकडा सहसा सांगितला जात नाही. उघड्या मांडवातल्या चाळीस वॅटच्या पंपाला दिवसाला एक युनिट पुरते. उत्पादन ॲरिझोनाइतके येणार नाही, पण विजेचे बिलही तसे येणार नाही.

मग पिकवायचे काय? गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून चोर्ला आणि अनमोडच्या घाटांतून येते. पावसात दरड कोसळली की फलोत्पादन महामंडळाच्या दुकानांतल्या टोपल्या रिकाम्या होतात. कांदे, बटाटे, कोबी गच्चीवरून मिळणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नये. गच्चीला शोभते ते वाटेत सुकणारे: कोथिंबीर, पुदिना, पालक, तांबडी भाजी, हॉटेलांना लागणारे लेट्यूस आणि बेसिल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, तेव्हा यातले सगळे येते. मार्चनंतर लेट्यूसचा हट्ट सोडावा. तांबडी भाजी, मायाळू, भेंडी ही उन्हाची पिके आहेत. अर्ध्या सावलीच्या शेडनेटखाली ती मे काढतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे उजेड कमी असतो आणि बुरशी जोरात. तेव्हा डोक्यावर पारदर्शक प्लास्टिक घालून कोकोपीटमध्ये दोडकी, तवशी यांचे वेल चढवावेत, बाकी पाइप धुऊन वाळवून ठेवावेत. चवथीच्या माटोळीला आपल्याच मांडवावरचे तवसे मिळाले तर घरातल्या मुलांना त्याचा आनंद काही वेगळाच.

एक मोठा फायदा मात्र कमी बोलला जातो. गोव्याच्या आम्लयुक्त मातीत वांगी, टोमॅटो, मिरची यांना जिवाणूजन्य मर रोग फार. हिरवेगार झाड दोन दिवसांत उभेच्या उभे सुकते आणि तो जिवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर सहन करणाऱ्या वांग्यांच्या जातींवर काम केले ते यामुळेच. कोकोपीटच्या स्वच्छ पिशवीत हा शत्रू नसतो. परसातली वांगी दर वर्षी मरत असतील तर गच्चीवर लावून पाहाच. टोमॅटोबाबत मात्र उन्हाळ्यात आशा ठेवू नका. रात्री २५ अंशांखाली उतरत नाहीत तेव्हा फुले गळतात.

वजनाबद्दल कुणाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट छपरावर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरतात. सहा इंच ओली माती अडीचशे किलोच्या पुढे जाते. पाइपांची किंवा पिशव्यांची मांडणी बहुधा पन्नास किलोच्या आत बसते, पण फूटभर खोल पाण्याचा हौद तीनशे किलोचा होतो, आणि हजार लिटरची टाकी म्हणजे एका जागी एक टन. ती खांब किंवा तुळईच्या वरच हवी. इमारत जुनी असेल, छताला आतून गंजाचे डाग किंवा पोपडे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय एक पाइपही चढवू नये. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी सांगाडा काही वर्षांत गंजतो, म्हणून स्टँडसाठी यूपीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम बरे.

आपल्याकडे कितीतरी गच्च्यांवर गळती थांबवायला आधीच पत्रे चढलेले आहेत. तिथे सावली आहेच, त्यामुळे बागेने घर आणखी फार थंड होणार नाही. झाडांना उजेड देण्यासाठी काही पत्र्यांच्या जागी पारदर्शक पत्रे घालता येतात. ते दक्षिणेकडच्या कडेला घालावेत आणि त्याखालची जागा झाडांनी पूर्ण भरावी, नाहीतर ऊन थेट स्लॅबवर येईल.

डासांचा विषय गोव्यात हलक्यात घेता येत नाही. डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि शहरी मलेरियाचा ॲनोफिलीस स्टेफेन्सी गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. टाकीला घट्ट झाकण, प्रत्येक भोकाला जाळी, ठिबकच्या बादल्यांखाली पाणी न साचणे, हे आठवड्याला एकदा तपासावे. महिन्या-दोन महिन्यांनी बदललेले खताचे पाणी गटारात, तळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. जांभ्यातून नायट्रेट थेट विहिरीत उतरते. ते पातळ करून माडांना आणि केळींना घालावे, विहिरीपासून दूर.

सोसायटीत शेवटचा पेच माणसांचा असतो. गच्ची सगळ्यांची, थंडावा वरच्या मजल्याला, भाजी मेहनत करणाऱ्याला आणि गळती झाली तर भांडण सगळ्यांचे. म्हणून आधी लिहून घ्यावे: वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटीचा, शेडनेटचा मोठा वाटा वरच्या मजल्यावरच्यांचा, खत आणि बियाणे लावणाऱ्यांचे, पंपाची वीज वेगळ्या मीटरवर. गणेशचतुर्थी आटोपली की वॉटरप्रूफिंग तपासून घ्यावे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दहा पिशव्यांपासून सुरुवात करावी, आणि वरच्या मजल्याच्या छताला आतून एक साधा थर्मामीटर चिकटवून रोज रात्री नऊचे तापमान वहीत लिहावे. त्यातल्या पाच पिशव्यांत तांबडी भाजी टाकली तर नोव्हेंबर उजाडता पहिली जुडी निघते.